लेखिकेच्या तोंडावर

"वडिलांना आणलं नाहीत?"

स्टुडिओत पाऊल टाकल्या टाकल्या कुणी असं विचारलं तर माणसानं काय उत्तर द्यावं? ती दारातच थांबली. काउंटरमागचा तरुण कटरवर पासपोर्टचे फोटो कापत होता आणि मान वर न करता त्यानं हे विचारलं होतं.

"वडिलांना कशाला?"

"फोटो काढायला."

"फोटो माझा काढायचाय."

आता त्यानं मान वर केली आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वर ठेवली. "माफ करा हं. सध्या सगळे वडिलांनाच घेऊन येतात, त्यामुळं तोंडात बसलंय. बसा ना. यांच्यानंतर तुम्ही."

'हे' म्हणजे बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी आणि फासावर चढवायला आणल्यासारखा चेहरा. शेजारी त्यांची मुलगी, आणि मुलीच्या मांडीवर पिवळ्या मुखपृष्ठाचं एक पुस्तक.

ते पुस्तक बघून तिच्या काळजाचा ठोका चुकला. चुकणारच. ते तिनंच लिहिलं होतं.

"हिनं पुस्तक वाचलं आणि शिक्षा मला," गृहस्थ तिला म्हणाले. "म्हटलं, अगं मी काय आजच चाललोय का? तर म्हणते, सांगता येत नाही."

"बाबा, गप्प बसा आणि जरा हसा," मुलगी म्हणाली.

"कशावर हसू?"

कादंबरीचं नाव 'सगळे हसा'. गोष्ट साधी आणि विषारी. एका घरातला बाप मरतो. संध्याकाळच्या आत वर्तमानपत्रात द्यायला त्याचा एक फोटो हवा असतो. घरात पाच फोन, फोनांमध्ये हजारो फोटो — ताटांचे, पायांचे, मांजराचे, नव्या पडद्यांचे — आणि बापाचा एकही नाही. कारण प्रत्येक वेळी कॅमेरा त्याच्याच हातात. कोपऱ्यात कुठंकुठं त्याचा अंगठा तेवढा आलेला. शेवटी घरचे त्या अंगठ्याचाच फोटो मोठा करून छापायला देतात, आणि त्यावर पाचशे लोक हात जोडलेली चित्रं पाठवतात.

तिनं हे रागानं लिहिलं होतं. वाचणाऱ्याच्या कानाखाली आवाज निघावा, त्यानं निदान एक दिवस फोन उपडा ठेवावा, एवढीच तिची इच्छा होती. आणि लोकांनी काय केलं? डोळे पुसले, बापाला आंघोळ घातली, फोटो काढून आणला आणि तो फोनवर टाकला. खाली लिहिलं, 'हे पुस्तक प्रत्येकानं वाचावं.' झालं. चपराक मारायला गेलेल्या बाईच्या हातावर लोकांनी पेढा ठेवावा, तसा प्रकार.

बाकावरचे गृहस्थ एकदाचे स्टुलावर बसले, न हसता फोटो काढून घेतला आणि मुलीचं डोकं फोनमधून वर यायच्या आत बाहेर पडले. मग तिची पाळी.

"कशासाठी हवाय?" त्यानं निळा पडदा खाली ओढत विचारलं.

खरं कारण असं, की प्रकाशकाला दुसऱ्या आवृत्तीच्या पाठीवर लेखिकेचा फोटो छापायचा होता. पहिल्या आवृत्तीवर नुसतं टोपणनाव होतं. तिचं म्हणणं, लोकांनी पुस्तक बघावं, माझं नाक बघून काय करणार? पण आता वाचक मागायला लागले होते.

"नोकरीसाठी," ती म्हणाली. खोटं तिला सहज जमायचं. कादंबरीकार होती.

"हनुवटी जरा खाली... नाही, एवढी नाही. भांडायला निघालात असं वाटतंय."

"माझा चेहराच तसा आहे."

"चेहरा चांगला आहे. तुम्ही त्याला कामाला लावलंय." तो जवळ आला आणि हवेतच दोन बोटांनी तिची हनुवटी फिरवल्यासारखं केलं. बोट लागलं नाही, पण हनुवटी मात्र फिरली. तिला याचंच नवल वाटलं. तिच्या आईला जे तीस वर्षांत जमलं नव्हतं ते या माणसानं हात न लावता केलं होतं.

"त्या पुस्तकामुळं धंदा बरा चाललाय म्हणायचा," ती म्हणाली.

"मामानं स्टुडिओ माझ्या गळ्यात घातला तेव्हा म्हणाला होता, यात आता काही नाही, कुलूप तेवढं चांगलं आहे. आता रविवारी रांग असते. त्या बाईचे उपकारच म्हणायचे."

"मग तुम्हाला आवडलं असेल."

"नाही."

छत्रीखालचा दिवा लागला. तिचे डोळे दिपले.

"का?"

"हललात तुम्ही. परत एकदा." त्यानं पुन्हा डोळा लावला. "दोनशे पानं आहेत. मुलगा बोलतो, सून बोलते, जावई बोलतो. बँकेचं मशीनसुद्धा बोलतं. बापाला काय? 'सगळे हसा.' बस. सबंध पुस्तकात दोन शब्द. घरच्यांनी त्याचा फोटो काढला नाही म्हणून लेखिका त्यांना जोड्यानं मारते, आणि स्वतः तरी काय करते? ती पण नाही काढत त्याचा फोटो."

 वर्तमानपत्रात दोन पानी परीक्षणं आली होती, कुणी 'काळाचा आरसा' म्हटलं होतं, कुणी 'स्त्रीसुलभ नसलेली लेखणी' म्हटलं होतं. हे कुणीच म्हटलं नव्हतं.

"सत्तरीची असणार बाई," तो पुढं म्हणाला. "एकटी राहात असेल. नवरा पळून गेला असेल. त्याशिवाय एवढं वाईट कोण लिहितं?"

खट्. फोटो निघाला.

प्रकाशकानं तो पाहिला आणि फोन केला. "अहो, हा पुस्तकावर छापायचाय, पोलिस चौकीत लावायचा नाही. दुसरा काढा."

*

एरवी ती गाडी चालवायला शिकवायची. डोक्यावर पाटी लावलेली, तिच्या बाजूला पायाशी जादा ब्रेक असलेली छोटी गाडी, आणि शेजारी रोज नवा घाबरट. एका शिकाऊचा तास संपून दुसरा येईपर्यंत ती स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहायची. 'सगळे हसा' अशीच लिहिली गेली होती — अर्धी रागानं, अर्धी क्लचच्या वासात. तिला लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. तिला वाटायचं तेही बरंच झालं, नाहीतर सभ्यपणा पण शिकवला असता.

घरी पुस्तकाचं स्वागत झालं होतं, ते असं. आई म्हणाली, "सगळे मेले वाईटच कसे गं? एखादा चांगला घालायचास, काय बिघडलं असतं?" दादा म्हणाला, सिनेमा निघाला की बघू. आत्यानं दोनदा वाचलं आणि फोन करून विचारलं, "ती तिसऱ्या प्रकरणातली भोचक बाई तुझी वहिनीच ना?" वहिनीनं स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "ती भोचक बाई म्हणजे आत्याच ना?" लोकांना पुस्तकात शेजारी दिसतो, जाऊ दिसते, साहेब दिसतो. स्वतःचं थोबाड एकालाही दिसत नाही. आरशात बघून मागच्या भिंतीचा रंग गेलाय म्हणणारी जात.

आणि बाबा. बाबांनी चष्मा लावून आठवडाभर वाचलं आणि म्हणाले, "अक्षर बारीक आहे."

ती दुसऱ्या फोटोसाठी स्टुडिओत गेली.

"नोकरी मिळाली नाही का?" त्यानं विचारलं.

"ते म्हणतात फोटो आरोपीचा वाटतो."

"मी सांगितलं होतं. चेहऱ्याला सुट्टी द्या." तो स्टूल पुसायला लागला. "काय करता तुम्ही?"

"गाडी शिकवते."

त्याचं फडकं थांबलं. "मला येत नाही गाडी. मामाची उभी आहे खाली, गंज खात. लग्नांची कामं येतात, पण सामान घेऊन रिक्षात कोंबून घ्यावं लागतं. शिकवाल?"

"मी ओरडते."

"ते फोटोतच दिसतंय."

ती हसली. हसू येऊ न देण्याचा तिचा विचार होता, पण उशीर झाला होता. त्यानं तेवढ्यात बटण दाबलं. तो फोटो प्रकाशकाला एकदम पसंत पडला. नको म्हणून तिनं सांगून पाहिलं, कारण फोटोतली बाई तिच्या ओळखीची नव्हती. सुखी दिसत होती.

*

पहिल्याच तासाला त्यानं गाडी सहा वेळा बंद पाडली.

"क्लच सोडायचा असतो, फेकायचा नसतो."

"तुम्ही असं बघितलंत की पाय उचलला जातो."

"मग बघत नाही."

"असंही नको."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. कान गरम झाले होते. शिकाऊ लोकांची असली वाक्यं ती उभ्या उभ्या कापायची, हे तिचं तिलाच आठवलं आणि आणखी राग आला — स्वतःचा, आणि जरा त्याच्या हातांचाही. गिअरवर ते हात असे काही अलगद पडायचे, की जणू गाडीला दुखेल.

दोन आठवड्यांत तो चौक ओलांडायला शिकला आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या मैदानावर रिव्हर्स शिकवताना त्यानं बातमी दिली.

"वाचनालयानं 'सगळे हसा'वर कार्यक्रम ठेवलाय. ती लेखिका पहिल्यांदाच लोकांसमोर येणार आहे. आणि वाचकांच्या वतीनं बोलायला कोण? मी. स्टुडिओचं त्यांच्या कानावर गेलंय."

गाडी खाडकन थांबली. दोघंही पुढं आपटले.

"ब्रेक का दाबलास? मागं काहीच नव्हतं."

"मांजर," ती म्हणाली.

मांजर नव्हतंच. मैदानात दोन गोलपोस्ट आणि एक सायकल एवढंच होतं. वाचनालयाचं आमंत्रण तिच्याही घरी येऊन पडलं होतं, आणि तिनं हो म्हणून कळवलं होतं. वाचक कोण बोलणार, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"काय बोलणार आहेस?"

"जे तुला बोललो तेच. तिच्या तोंडावर." त्यानं खिशातून कागद काढला. "ऐक. 'आदरणीय लेखिका, सर्वप्रथम मी आपले मनःपूर्वक आभार मानतो—'"

"काढ ते."

"काय?"

"आदरणीय काढ, मनःपूर्वक काढ. तुला ती आदरणीय वाटते?"

"नाही."

"मग? सरळ बापापासून सुरू कर."

तिला तिथंच थांबता आलं असतं. सांगता आलं असतं, अरे वेड्या, ती सत्तरीची बाई तुझ्या शेजारी बसलीय आणि तिचा नवरा पळालेला नाही, तो अजून यायचाय. पण कागदावर वाईट वाक्य दिसलं की तिचा हात गप्प बसत नसे. तिनं पेन काढलं. पुढचे कितीतरी तास तो गाडी मागं घ्यायला शिकला आणि ती स्वतःच्या पुस्तकावरचा हल्ला धारदार करत बसली. इथं श्वास घे. इथं लोक हसतील, हसू दे, मग मार. 'क्रूर' म्हणू नकोस, क्रूर म्हटलं की लेखकाला गुदगुल्या होतात. 'घाई केली' म्हण, ते झोंबेल. तो तिच्याकडं बघत राहायचा.

"तुला एवढं कसं कळतं गं?"

"वाचते मी."

"आणि तुला आवडलंय पुस्तक?"

"मला... हो. आवडलंय. पण तुझा मुद्दा खरा आहे."

हे म्हणताना तिचा आवाज जरा बारीक झाला. कारण मुद्दा खरा होता, आणि तो तिला रात्रंदिवस चावत होता.

मग सांगत का नव्हती? भीती कशाची होती, हे ती स्वतःला स्पष्ट सांगू शकत होती. स्वतःशी लपवाछपवी तिनं कधी केली नव्हती. ओळख कळली की माणसं गोड होतात. आईची मैत्रीण, बँकेतले साहेब, पूर्वी तिच्याकडून शिकलेले घाबरट — सगळे एका सुरात, वा, काय लिहिलंय. त्यातल्या एकाशीही पुन्हा धड बोलता आलं नव्हतं. जगात एकच माणूस तिच्या पुस्तकाबद्दल खरं बोलत होता आणि नेमका तोच तिला आवडायला लागला होता. सांगितलं तर खरं बोलणारा जाणार. नाही सांगितलं तर तो माणूसच जाणार, वाचनालयात, सगळ्यांच्या देखत.

*

कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी सकाळी बाबा गॅलरीत बसून चपलेचा अंगठा शिवत होते. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. बाबांनी जन्मभर बस चालवली होती आणि बोलायचं ते घंटीवर सोडलं होतं.

"बाबा, पुस्तक खरं सांगा कसं वाटलं. अक्षर सोडून."

बाबांनी सुई थांबवली. "चांगलं आहे की."

"बाबा."

"तो माणूस फोटो का काढायचा, ते नाही लिहिलंस."

"का काढायचा?"

"बघायला मिळतं ना." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मोठ्या झालेल्या मुलांकडं नुसतं बघत बसलं तर विचारतात, काय बघताय, काय झालं? कॅमेरा हातात असला की कुणी विचारत नाही. पाहिजे तेवढं बघता येतं."

आणि चप्पल पायात घालून ते बघायला लागले, नीट बसते का.

 दोनशे पानं लिहिताना हे विचारायला तिला आतल्या खोलीतून गॅलरीपर्यंत यायचं होतं, एवढंच. ती आली नव्हती. रागाच्या भरात तिनं घरातल्या सगळ्यांना पकडलं होतं, आणि जो पळून जात नव्हता त्याच्याकडं बघायचं राहून गेलं होतं.

तिनं ठरवलं, कार्यक्रमाआधी त्याला सांगायचं. ती तडक स्टुडिओत गेली. दाराला ते चांगलं कुलूप होतं. तो कॅमेरा घेऊन केव्हाच एका लग्नाच्या कामाला गेला होता, तिथून परस्पर वाचनालयात जायचा होता, फोनही उचलेना.

*

वाचनालयाची वरची खोली भरली होती. पहिल्या रांगेत आई, आत्या, वहिनी. बाबा एकदम मागं, दाराजवळ. लाकडी टेबलामागं तीन खुर्च्या. एकीवर ग्रंथपाल बाई, दुसरीवर तो — इस्त्रीचा शर्ट, हातात कागद, चेहऱ्यावर लढाईची तयारी. तिसरी खुर्ची रिकामी. ती जिन्यातून आत आली तसा त्याचा चेहरा उजळला. त्यानं हातानंच खूण केली, पुढं बस, जागा आहे.

"आणि आपण ज्यांची वाट पाहत होतो," ग्रंथपाल बाई उठून म्हणाल्या, "त्या लेखिका आलेल्या आहेत. या ना, अशा इकडं या."

तो लेखिकेला शोधायला दाराकडं बघायला लागला. ती चालत राहिली. रांगांमधून, टेबलाला वळसा घालून, त्याच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, तेव्हा त्यानं मान फिरवली.

त्यानं तिच्याकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं. कागदावर तिचं अक्षर होतं, समासात, सगळीकडं.

"सकाळी सांगायला आले होते," ती पुटपुटली. "कुलूप होतं."

"आमचे वाचक प्रतिनिधी आता मनोगत व्यक्त करतील," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

तो उठला. पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवताना टेबलावर थोडं सांडलं. आता गोड बोलणार, तिला वाटलं. किंवा निघून जाणार. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

"या पुस्तकात बापाला दोन शब्द आहेत," त्यानं सुरुवात केली.

आणि त्यानं सगळं म्हटलं. एक शब्द गाळला नाही. जिथं श्वास घ्यायचा तिथं घेतला, जिथं लोक हसणार होते तिथं हसू दिलं आणि मग मारलं. 'घाई केली' म्हणताना तो थेट तिच्याकडं वळला. तिला झोंबलं. तिनंच सुचवलेला शब्द, तरी झोंबला.  आईचा चेहरा उतरलेला. आणि ती? ती खुर्चीत ताठ बसून त्याला बघत होती, आणि तिला वाटत होतं, हा माणूस माझ्या हातून गेला तर माझ्यासारखी मूर्ख मीच.

त्यानं कागदाची घडी केली.

"एक शेवटचं. हे कागदात नाही. हे भाषण ज्या बाईनं माझ्याकडून घोटून घेतलं तीच लेखिका आहे, हे मला तुमच्याबरोबर, आत्ता कळलं. मी म्हणायचो, ही लेखिका सत्तरीची, एकटी बाई आहे. तो मुद्दा मी मागं घेतो. ती लबाड आहे. बाकीचे मुद्दे कायम."

खोली हसली. "लहानपणापासून आहे," आत्या पहिल्या रांगेतून म्हणाली, तशी आणखी हसली. तो मात्र हसला नव्हता. खुर्चीवर बसला तो तिच्याकडं पाठ करून.

मग ती उठली. तिच्याकडं कागद नव्हता.

"यांचं खरं आहे," ती म्हणाली. "मी त्या बापाला बोलू दिलं नाही, कारण तो काय बोलेल ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तो फोटो का काढायचा, ते मला आज सकाळी कळलं. ज्यांनी सांगितलं ते दाराजवळ उभे आहेत, त्यांच्याकडं वळून बघू नका, ते निघून जातील."

सगळे वळले. बाबा जिन्याकडं सरकले, पण गेले नाहीत.

"दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदला, अशी पत्रं येतात. थोडा गोड करा म्हणतात. मी एक अक्षर बदलणार नाही. चूक झाली ती तशीच दिसू दे, झाकायला मी पडदे विकत नाही. पुढचं पुस्तक त्या बापाचं. त्यात तोच बोलेल, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि एक सांगते. हे पुस्तक वाचून तुम्ही वडिलांना फोटोला नेलंत, ठीक आहे. पण मुलींनो, मुलांनो, त्यांना स्टुलावर बसवून तुम्ही परत फोनमध्येच डोकं घातलंत. मी पाहिलंय. त्या माणसाला हस म्हणून सांगू नका. त्याच्याशी बोला."

टाळ्या वाजल्या की नाही, तिच्या लक्षात आलं नाही. खाली बसून बघते तर शेजारची खुर्ची रिकामी.

*

तो खाली रस्त्यावर कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावत होता. पावसाची बारीक भुरभुर होती. दुकानांचे दिवे ओल्या फरशीवर लांबत गेलेले. ती जिना धावत उतरली.

"थांब."

"गंमत वाटत होती ना?" त्यानं वळून विचारलं. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मी तिला काय काय म्हणायचो. सत्तरीची, नवरा पळालेला... आणि तू शेजारी बसून क्लच दाब, क्लच दाब."

"आधी राग आला होता. मग गंमत वाटली. मग भीती वाटायला लागली."

"कसली? मी चिडेन म्हणून?"

"नाही. तू गोड बोलशील म्हणून." तिनं केसांवरचं पाणी झटकलं. "सगळे बोलतात. कळलं की बोलतात. तू एकटा होतास. मला तो एकटा सोडवेना. चुकलं माझं. लपवायला नको होतं, आणि दोष मी कुलपाला देणार नाही."

तो बॅगेचा पट्टा ओढून घट्ट करत राहिला.

"आणि अजून एक. तू मला आवडतोस. हे मी कागदावर उतरवलेलं नाही, त्यामुळं वाक्य जरा ओबडधोबड आहे. पण आवडतोस. तुझे हात, तुझं ते... सगळंच. तुला मी नको असेन तर तसं सांग, मी भोकाड पसरणार नाही. फक्त खोटं सांगू नकोस."

रस्त्यावरून एक बस गेली. तिच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला आणि गेला. तेवढ्यात तिला दिसलं, की तो रागावलेला आहे आणि हसू पण दाबतोय, आणि दोन्ही एकाच तोंडाला जमत नाहीये.

"मी यापुढं तुझ्या प्रत्येक पुस्तकाला नावं ठेवणार," तो म्हणाला.

"ठेव."

"छापायच्या आधी. घरी बसून. रोज."

"घरी बसून," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे कुणाच्या?"

"ते तू ठरव. मला स्टुडिओच्या वर दोन खोल्या आहेत. गळतात जरा." त्यानं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मोकळा हात कुठं ठेवावा ते न कळून तसाच धरला. "एक तर आत्ताच सांगून टाकतो. भाषणात घेतलं नाही, तू कापलं असतंस."

"सांग."

"तुझ्या पुस्तकात कुणालाच धड प्रेम करता येत नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, जावयाला तर नाहीच. सगळी दगडं."

तिनं तो अधांतरी हात हातात घेतला. गार होता, ओला होता, आणि अजिबात दगडासारखा नव्हता.

"लिहिताना," ती म्हणाली, "मला तरी कुठं येत होतं?"

त्यावर काढायला त्याला एकही खोट सापडली नाही.